वरच्या बेअरिंगची शीळ

आमच्या ह्यांना जगातलं काहीही आवडत नाही. ही तक्रार नव्हे, तो त्यांचा धंदाच होता. पंख्यांच्या कारखान्यात हे आवाज तपासायला होते. छताचे पंखे तयार झाले की खोक्यात जाण्याआधी एका बंद खोलीत यायचे. खोलीला खिडकी नाही, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, छताला एक आकडा आणि त्याखाली एक लाकडी खुर्ची. पंखा आकड्याला टांगायचा, सुरू करायचा आणि ह्यांनी डोळे मिटून खुर्चीत बसायचं. घरघर, टकटक, शीळ, काहीही सापडलं की उठून पंख्याच्या टोपीवर लाल पेन्सिलीने फुली मारायची. फुली बसली की पंखा परत मागे जायचा, आणि फुली कुणी पुसायची नाही, ज्याने मारली त्यानेच पुसायची, असा तिथला नियम होता.

“चालू पंखा लबाड असतो. बंद करा, मग खरं बोलतो,” असं हे म्हणायचे. बटण दाबल्यापासून पाती थांबेपर्यंत जो वेळ जातो, त्यात पंख्याचं दुखणं कळतं म्हणे. तेवढ्या वेळात कुणी नुसतं खोकलं तरी हे त्याच्या अंगावर जायचे. साहेबसुद्धा त्या खोलीच्या दाराशी चपला काढून उभे राहायचे, कारण चपला वाजत.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, दिवसभर आवाज ऐकून दमलेला माणूस घरी तरी शांत बसेल. कसलं काय! घरी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि स्पीकरसमोर मांडी ठोकायची. आणि ऐकायचं काय, तर गाणं नव्हे. सूर नाही, शब्द नाहीत, बऱ्याचदा तालही नाही. कुठे लोखंडावर लोखंड घासलेलं. कुठे रेडिओवर स्टेशन लागत नाही तेव्हाची खरखर, तीही तासभर. कुठे इलेक्ट्रॉनिक ढोल, छातीत गुद्दे घातल्यासारखे, आणि इतके भराभर की शेवटी ठोका कुठला आणि आपलं काळीज कुठलं तेच कळू नये. असलं संगीत करणारी माणसं जगभर आहेत, त्यांचे अल्बम निघतात, आणि ते ऐकणारीही माणसं आहेत. थोडी आहेत, पण एकमेकांना धरून आहेत. पूर्वी कॅसेटी पोस्टाने यायच्या. पुढे इंटरनेटवर ह्यांचा एक गट झाला आणि तिथे हे प्रत्येक अल्बमवर मत लिहायला लागले.

मत म्हणजे पंखे तपासल्यासारखंच. पास, नापास किंवा “पुन्हा गुंडाळा.” पंख्याच्या मोटरची तार बिघडली की ती उलगडून पुन्हा गुंडाळतात, त्यावरून हे. पुन्हा गुंडाळा मिळालं की अल्बम करणारा पोरगा मिठाई वाटायचा, कारण पास कुणालाच मिळत नसे. गटात ह्यांना सगळे नापासराव म्हणत. ह्यांच्या कानावर ते आलं तेव्हा मला वाटलं चिडतील. पण स्वारी खूश! दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते.

लिहिलेलं मोठ्याने वाचायची ह्यांना खोड. मी शिलाईचं काम करते, उशांचे अभ्रे, पडदे, गाद्यांच्या खोळी. मी मशीनवर बसलेली आणि हे पलीकडच्या खुर्चीत, त्यामुळे ह्यांच्या सगळ्या मतांची पहिली श्रोती मीच. एका अल्बममध्ये पत्रा कापायच्या यंत्राचा आवाज घेतला होता. त्यावर ह्यांनी लिहिलं: “यंत्राला तेल दिलेलं आहे, ते ऐकू येतं. इतकीच भीती वाटत असेल तर बासरी वाजवावी. नापास.” दुसऱ्या एकात कुणी सलग किंचाळत होतं. त्यावर: “ओरडणाऱ्याला मध्ये दम घ्यायचं सुचतं, म्हणजे तो ओरडत नाही, ओरडण्याचं काम करतो. नापास.” एका फार गाजलेल्या ढोलवाल्या अल्बमवर: “घाईत असलेला माणूस आणि संतापलेला माणूस यातला फरक ह्याला कळलेला नाही. हा फक्त बस पकडायला निघालाय. नापास.” दवाखान्यातल्या यंत्रांच्या आवाजाचा एक अल्बम आला, त्याचं सगळीकडे कौतुक झालं. ह्यांनी एकच ओळ लिहिली: “दुखणं दुसऱ्याचं, नाव ह्याचं.”

खोटं कशाला बोलू, कधी कधी मला ते पटायचं. दवाखान्याचं तर अगदी पटलं. मी मान वर करून म्हणालेही, “हे मात्र बरोबर लिहिलंत.” ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुला काय कळतं आवाजातलं?”

हे वाक्य मी ह्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की त्याचीच एक कॅसेट निघाली असती. ती मात्र पास झाली असती.

आम्हाला एक मुलगी. ती झाली त्याच सुमारास ह्यांनी कारखान्यातला एक नापास पंखा घरी आणला. फुली मारलेले पंखे कामगारांना न्यायची मुभा होती. आणला तो सरळ छताला टांगला, फुलीसकट. दुरुस्त करा म्हटलं तर नाही. त्या पंख्याला शीळ होती. अगदी बारीक, दातात सुई अडकल्यासारखी. “वरच्या बेअरिंगची आहे,” हे म्हणाले, “कारखान्यात माझ्याशिवाय कुणालाही ऐकू आली नाही. आवाज मोजायच्या मीटरलासुद्धा नाही.” आणि तो पंखा आमच्या डोक्यावर फिरायला लागला तो आजतागायत.

पोर बोलायला लागली तशी हे तिला पंख्याखाली सतरंजीवर आडवं पाडायचे आणि स्वतः शेजारी आडवे व्हायचे. बटण बंद करायचं आणि विचारायचं, “ऐकू येते?”

“येते.”

“कुठून येते?”

“वलच्या बेअलिंगमधून.”

की हे तिला उचलून छातीशी धरायचे. “हे माझं पोर,” म्हणायचे. “ह्या घरात दोघांनाच कान आहेत.” मी तिथेच मशीनवर बसलेली असायची. मला ती शीळ पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती, डोकं उठायचं तिने. पण मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही आपणहून सांगायला गेले नाही, कारण बापलेकीचं ते सुख मला मोडवत नव्हतं.

मुलगी ह्यांच्या मांडीवर बसून ती खरखर ऐकत मोठी झाली. तिच्या वयाच्या पोरी नाचायच्या तेव्हा ही टेबलाला कान लावून बसायची. कॉलेजात असताना तिने स्वतःचा पहिला अल्बम केला. महिनोन् महिने खपली. माझ्या शिलाई मशीनचा आवाज घेतला, जिन्याचा घेतला, पाण्याच्या टाकीचा घेतला. आणि आपल्या खऱ्या नावाने गटात टाकला. मी ह्यांना म्हटलं, “अहो, घरचं पोर आहे. जपून लिहा.” हे म्हणाले, “घरचा पंखा म्हणून शीळ थांबते का?”

त्या दिवशी लिहिलेलं मात्र ह्यांनी मोठ्याने वाचलं नाही. मुलीनेच मला फोनवर दाखवलं. “कान बापाचे उसने आणलेत, हात मात्र आईचे आहेत. सगळं दुमडून, कडा शिवून, नीटनेटकं. नापास.”

मी ते दोनदा वाचलं. आईचे हात! ह्या हातांनी निम्मं घर चालवलं, पोरीच्या कॉलेजची फी भरली, ह्यांच्या स्पीकरला मखमली खोळ शिवली, आणि जगाला सांगताना ती शिवी झाली. मुलगी रडली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गावी नोकरी धरून निघून गेली. तिथे ती एका स्टुडिओत असते. लोकांच्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढून टाकायची, असं तिचं काम. मला फोन करते. ह्यांच्याशी “बरे आहात ना” एवढंच. हे बापलेकीचं भांडण नव्हतं, भांडण झालं असतं तर मिटलं असतं. तिला ह्या माणसाकडून एक शब्द हवा होता आणि तो मिळाल्याशिवाय ती ह्या घरात मोकळेपणी बसणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. आणि हे तो शब्द देणार नव्हते, तेही ठाऊक होतं.

मग ह्यांचे कान गेले. सगळेच नाही. बोललेलं ऐकू येतं, दार वाजलं ऐकू येतं, ढोल तर येतोच. बारीक आवाज तेवढे गेले. आयुष्यभर कानात तो धिंगाणा ओतल्यावर दुसरं काय होणार? कपडे धुवायचं यंत्र काम संपलं की बारीक शिटी देतं, ती ह्यांना येईना. तापमापक काखेत ठेवून बसायचे ते बसायचेच, वाजून गेलेलं कळायचं नाही. मी म्हटलं, “अहो, एकदा कान दाखवून या.” म्हणाले, “माझे कान? हल्लीच्या वस्तूच मुक्या झाल्यात. कंपन्या पैसे वाचवतात, आवाजच ठेवत नाहीत. तुला काय कळतं त्यातलं?”

कारखान्यातही तेच झालं. शीळ घालणारे पंखे गिऱ्हाइकांकडून परत यायला लागले. साहेबाने बरेच दिवस सांभाळून घेतलं आणि मग ह्यांना पॅकिंगला टाकलं, खोकी चिकटवायला. गाद्यांच्या खोलीत नवा मीटर बसवला. हे घरी येऊन सांगायचे, “राजकारण आहे. मीटरच्या दलालाशी साटंलोटं आहे.” मी मान डोलवायचे. मीटर आणायचा म्हणून कुणी परत आलेले पंखे ढीगभर रचून ठेवत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण खोकी चिकटवून आलेल्या माणसाला ते तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती. गटातली मतं मात्र आणखी कडू झाली. पुन्हा गुंडाळासुद्धा मिळेनासं झालं.

त्याच काळात एकदा हे कामावर असताना मुलगी अचानक आली. पिशवीतून छोटासा माईक काढला, स्टुलावर चढली आणि पंख्याच्या दांडीजवळ काहीतरी बांधलं. “आई, तू तुझं काम कर, पण मशीन चालवू नकोस,” म्हणाली. मी कापड बेतत बसले. पंखा सुरू होता आणि ती खाली सतरंजीवर आडवी पडून छताकडे बघत होती, लहानपणी पडायची तशी. मध्ये माझ्या हातातली कात्री टेबलावर जरा जोरात टेकली. मी जीभ चावली. ती म्हणाली, “असू दे.” जाताना मला बजावलं, “बाबांना सांगू नकोस मी आले होते.” मी कशाला सांगतेय?

त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी ह्यांनी हेडफोन काढले, पुन्हा कानाला लावले, पुन्हा काढले. शेजारच्यांच्या तक्रारी वाढल्यापासून स्पीकर बंदच होते, हे हेडफोनवर ऐकायचे. मला वाटलं, बरं वाटत नाही की काय. मग लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर घसा खाकरून वाचलं.

“मी आजवर पास हा शब्द लिहिलेला नाही. आज लिहितो. करणारा कोण ते माहीत नाही, नाव बनावट दिसतं. सुरुवातीचे ट्रॅक चांगले आहेत, तेवढ्यावर पुन्हा गुंडाळा म्हटलं असतं. पण मधला ट्रॅक. तिथे हा माणूस हात काढून घेतो. काहीही नाही. खरखर नाही, घरघर नाही, श्वाससुद्धा नाही. गोंगाट करणाऱ्याला गोंगाट सोपा असतो, हा गप्प बसलाय. आणि त्या गप्प बसण्यात एकदाच कुठेतरी धातू लाकडावर टेकतो. टक्. तेवढंच. हा हात कसलेला आहे. ह्या हाताने जन्मभर काम केलेलं आहे. पास.”

मी टाका घालायची थांबले. ह्यांना काहीतरी आवडलं, ह्याचाच मला इतका आनंद झाला की बाकी काही डोक्यात आलं नाही.

गटात गहजब झाला. नापासरावांनी पास केलं! सगळे तुटून पडले त्या अल्बमवर. आणि मग एकाने विचारलं, “मधल्या ट्रॅकमध्ये कसली शांतता? मी तो लावला की माझं मांजर कपाटाखाली जातं.” ह्यांनी ताबडतोब उत्तर दिलं, “खरी शांतता मांजरालाही सोसत नाही, तुम्हाला कशी सोसेल?” दुसरा म्हणाला, त्यात सबंध वेळ एक शीळ आहे, डोक्यात जाते. ह्यांनी त्याला स्पीकर तपासायला सांगितलं. तिसऱ्याला कान तपासायला सांगितलं. मला वाचून दाखवत होते आणि मांडीवर थाप मारत होते. गंमत म्हणजे दोनतीन दिवसांनी काही जणांनी लिहिलं की त्यांनीही पुन्हा ऐकलं, आणि खरंच, किती खोल शांतता आहे! मोठ्या माणसाने नाही म्हटलं की लोकांना असलेलंही ऐकू येईनासं होतं. चीड आली मला त्या लोकांची, कोण कुठले ते माहीत नसताना.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. “आई, रविवारी येते. बाबा आहेत ना घरी?” बाबा आहेत ना, असं तिने विचारायला किती वर्षं लोटली होती! मी रविवारी सकाळपासून आत-बाहेर करत होते.

ती आली, ह्यांच्या पाया पडल्यासारखं वाकली आणि सतरंजीवर बसली. चेहरा उजळलेला. काहीतरी सांगायचं होतं तिला, ओठांवर आलेलं होतं. वर पंखा फिरत होता. ह्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

“आली आहेस तर जरा खरं काम ऐकून जा,” हे म्हणाले आणि किती दिवसांनी स्पीकरवरची माझी मखमली खोळ काढली. “आम्ही तुला नापास केलं म्हणून रुसून बसलीस. पास म्हणजे काय ते बघ. शीक जरा.”

मधला ट्रॅक लावला. आणि स्पीकरमधून शीळ आली.

आमच्या पंख्याची शीळ. तीच, दातात सुई अडकल्यासारखी. बाकी सगळं तिने काढून टाकलं होतं, हवेचा आवाज, मोटरची घरघर, रस्ता, सगळं पुसून फक्त ती एक शीळ ठेवली होती. वर पंखा तीच घालत होता आणि समोर स्पीकर. लख्खकन माझ्या डोक्यात सगळं जुळलं. मी मुलीकडे पाहिलं. ती ह्यांच्याकडे पाहत होती. हे डोळे मिटून बसले होते, गाद्यांच्या खोलीत बसायचे तसे, एक बोट वर धरून.

“बाबा,” ती म्हणाली, “ह्यात काहीच नाही?”

“काहीच नाही. हीच तर हिंमत. तुला जमलं नसतं हे. तू काहीतरी भरलं असतंस.”

ती उठली आणि तिने पंख्याचं बटण बंद केलं. पाती मंदावायला लागली. वरची शीळ बारीक होत होत निघाली, थांबता थांबता एकदा लांबली, आणि गेली. स्पीकरमधली चालूच राहिली. मुलगी बटणावर हात ठेवून बापाच्या तोंडाकडे बघत उभी होती. मला दिसत होतं ती कशाची वाट बघतेय ते. “कुठून येते?” एवढं तरी विचारतील म्हणून.

ह्यांनी डोळे न उघडताच मानेवरून हात फिरवला. “पंखा का बंद केलास? उकडतंय.”

तिने बटण दाबलं. तेवढ्यात स्पीकरमध्ये टक् झालं. माझी कात्री.

“ऐकलंस?” हे खुर्चीतून अर्धे उठले. “ऐकलंस का? हात बघ हात! हा हात उसना नाही.”

मुलगी हसली. असलं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली, काम आहे. दाराशी चप्पल घालताना मी तिचा दंड धरला.

“सांगते मी त्यांना.”

“नको, आई.”

“का नको? जन्मभर ह्याच शब्दासाठी झुरलीस ना?”

“मिळाला ना तो,” ती म्हणाली. “फक्त मी जे केलं त्याला नाही मिळाला. तुझ्या कात्रीला मिळाला. राहू दे.” आणि माझा हात सोडवून जिना उतरून गेली.

मी आत आले. हे स्पीकरला खोळ घालत होते. चेहऱ्यावर समाधान.

“रडली ना?” म्हणाले. “लागलं तिला. चांगलं झालं. आता शिकेल.”

तिने नको म्हटलं होतं, पण ते ऐकून माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. मी सगळं सांगितलं. अल्बम तिचा आहे. मधला ट्रॅक मुका नाही, त्यात हा पंखा आहे, ही शीळ आहे, तुम्हीच तिला शिकवलेली. स्टुलावर चढून, माईक बांधून घेतली, तुमच्यासाठी घेतली. टक् झालं ती माझी कात्री आहे. कसलेला हात माझा आहे, ज्याला तुम्ही नावं ठेवलीत. आणि पंखा अजून वाजतोय, रोज वाजतोय, तो वाजायचा थांबलेला नाही, तुम्ही ऐकायचे थांबलात.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे खुर्चीत बसून वर बघत राहिले. मग उठले, स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, फडकं आणलं. पंखा बंद केला. स्टुलावर चढायला लागले तेव्हा मी स्टूल धरलं. टोपीवरची ती लाल फुली इतक्या वर्षांत फिकट झाली होती, पण होती. ह्यांनी फडकं तिच्यावर नेलं. पुसणार होते. शीळ नाही, पंखा चांगला आहे, पास, असं एकदा करून टाकलं की झालं, मग मुलगी खोटी, मी खोटी, मांजरसुद्धा खोटं. हा माणूस तेही करेल, हे मला दिसत होतं, आणि खरं सांगते, स्टूल सोडून द्यावंसं वाटलं.

पण फडकं तिथेच थांबलं. “लाव,” हे म्हणाले.

“तुम्ही उतरा आधी.”

उतरले. मी पंखा लावला. पाती गरगरायला लागली आणि शीळ खोलीभर झाली. हे पंख्याखाली मान वर करून उभे राहिले. एकदा डोळे मिटले, उघडले. भिंतीशी जाऊन स्वतःच बटण बंद केलं, पाती थांबेपर्यंत श्वास धरून ऐकलं. पुन्हा लावलं. पुन्हा बंद केलं. हातातल्या फडक्याचा पिळा करत होते.

मग माझ्याकडे वळले. पोरीची परीक्षा सोडली तर ह्या माणसाने जन्मात कुणाला आवाजाबद्दल काही विचारलं नव्हतं, साहेबाला नाही, मीटरला नाही. अगदी हळू विचारलं.

“वाजतोय?”

डोक्यावर शीळ नुकती विझत होती. मला मुलीचं ते हसू दिसत होतं.

“मला काय कळतं आवाजातलं?” मी म्हणाले, आणि भांडी घासायला गेले.